गोऱ्हा विकावा की नाही? – एक शंका व तिचा विचार

गीताजयंतीच्या निमित्ताने कंधार तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. चौथ्या दिवशीचे कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. मी देवळाच्या ओसरीवर घोंगडीवर टेकलो होतो. इतक्यात साठीला आलेले एक शेतकरी जवळ येऊन बसले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, तळहाताला औताचे घट्टे. पायांवर डोके ठेवून म्हणाले, “महाराज, एक इचारू का? घरी दोन गोऱ्हे हायत, लाल कंधारी. एक सव्वा वर्साचा, दुसरा आत्ता दुधावरून तुटलाय. कडबा सरू लालाय, होळीपर्यंत पुरायचा न्हाई. माळेगावची यात्रा तोंडावर आली. हेडा दारात यून गेला, चांगला भाव देतो म्हनतो. गावातला एकजन बी मागू लालाय, पर चार हजारानं कमी, आन ते बी दोन हप्त्यांत. मी माळकरी मानूस. गोऱ्हा इकला तर पाप लागतं का?”

वाचकहो, चाळीस वर्षे कीर्तन करतो आहे. मायेचे स्वरूप काय, जीव-ब्रह्माचे ऐक्य कसे, असे प्रश्न पुष्कळांनी विचारले आणि उत्तरेही तोंडपाठ आहेत. पण ह्या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. “उद्या सांगतो, बाबा,” एवढेच म्हणालो. का म्हणालो, ते पुढे ओघाने येईलच.

ह्या शंकेला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे, की गोवंश पूज्य आहे, तो विकणे पाप, विकू नका. दुसरे असे, की संसार आहे, पोटाला लागते, जनावर हे शेतकऱ्याचे धन, खुशाल विका. पहिले उत्तर देणाऱ्याच्या घरी बहुधा गोठा नसतो, आणि दुसरे देणाऱ्याच्या मनात गोऱ्हा नसतो. म्हणून ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून जरा मुळाशी जाऊ.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला तुलाधार आणि जाजलीची कथा सांगितली आहे. पाठशाळेत ती वाचली तेव्हा कथा म्हणून गोड वाटली होती. तिचे काटे पुढे प्रपंचात पडल्यावर टोचले. जाजली हा मोठा तपस्वी. इतका निश्चल उभा राहिला, की त्याच्या जटेत पाखरांनी घरटे केले, अंडी घातली, पिल्ले उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला अहंकार झाला, की माझ्यासारखा धर्म जाणणारा कोण? तेव्हा वाणी झाली, की काशीतल्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. जाजली काशीला गेला, तो हा तुलाधार दुकानात बसून माल विकतो आहे! त्याने सांगितलेल्या धर्माचे सार एवढेच, की माझा तराजू सर्व भूतांना सारखा आहे.

आता काटा कोठे आहे तो पाहा. हाच तुलाधार पुढे सांगतो, की तेल, तूप, मध विकण्यात दोष नाही. पण गाय आणि वासरू ही सोमस्वरूप आहेत, ती विकणाऱ्याला सिद्धी नाही. एवढ्यावर तो थांबत नाही. बैलाचे अंड ठेचणे, नाक टोचणे, बांधून ठेवणे, ओझी वाहायला लावणे, ह्या साऱ्याला तो दोष देतो. नांगराच्या फाळाने जमिनीतले जीव मरतात, हेही सांगतो. म्हणजे वेसण आणि औत ह्यांतून आपल्यापैकी एकही शेतकरी सुटत नाही. जाजलीसुद्धा हेच विचारतो, की तू असे म्हणू लागलास तर लोकांनी जगावे कसे? अन्न तर शेतीतूनच येते! सज्जनहो, हा जाजलीचा प्रश्न आणि आपल्या कंधारच्या बाबांचा प्रश्न एकच आहे.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की शास्त्राचा निकाल लागला, विक्री वर्ज्य. पण शास्त्र एका वाक्यात वाचू नये. पराशरस्मृतीत शेतीचा विचार आला आहे. तेथे नांगराला आठ बैल असणे हा धर्म, सहा मध्यम, चार निर्दयपणा आणि दोनच बैल जुंपणारा हा बैलाचा घातकी, असे सांगितले आहे. भुकेला, तहानेला, थकलेला बैल जुंपू नये, असेही बजावले आहे. म्हणजे शास्त्राने शेती सोडा असे म्हटले नाही. कशी करावी ते बारकाईने सांगितले. संसारी माणसाचा धर्म बहुतेक वेळा ‘करू की नको’ ह्यात नसतो. तो ‘केव्हा, कोणाला आणि कसे’ ह्यात असतो.

आणि ‘विकणार नाही’ म्हटल्याने अहिंसा झाली, असेही समजू नये. न विकणाऱ्यांच्या तीन तऱ्हा मी मराठवाड्यात हिंडताना पाहतो. पहिली तऱ्हा उपाशी मारण्याची. घरी संकरित गाय असते, दूध डेअरीला जाते, झाला गोऱ्हा तर त्याला चार दिवस चीक आणि पुढे नुसते पाणी. महिन्याभरात तो ‘आपोआप’ मरतो. सुरी कोणी चालवली नाही, रक्त सांडले नाही. पण वाचकहो, ही हिंसा नव्हे तर काय? दुसरी तऱ्हा देवाच्या नावाने सोडण्याची. पूर्वी वृषोत्सर्गात सोडायचा वळू निवडून सोडत, गावच्या गाईंना तो उपयोगी पडे आणि सारे गाव त्याला खाऊ घाली. आता जो नको झाला तो रात्री परगावच्या वेशीत नेऊन सोडतात. मग तो हमरस्त्यावर मोटारीखाली येतो, नाहीतर उकिरड्यावर कागद-पिशव्या खातो.

तिसरी तऱ्हा गोशाळेत लोटण्याची. गोशाळा चालवणारे पुष्कळ प्रामाणिक आहेत, त्यांना माझा नमस्कार आहे. पण देणाऱ्याने स्वतःला विचारावे, की हे दान आहे की टाकून देणे? कठोपनिषदातला नचिकेता आठवा. बापाने यज्ञात ज्या गाई दान द्यायला काढल्या त्यांच्यात ना दूध उरले होते ना त्राण, आणि ते पाहून त्या पोराच्या मनाला लागले. असले दान देणाऱ्याला कोणता लोक मिळेल, असे त्याला वाटले. ज्याचे आपल्याला काही उरले नाही ते दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधायचे आणि वर पुण्याची पावती घ्यायची, हा व्यवहार उपनिषदाच्या काळापासून ओळखीचा आहे.

म्हणजे विकणे हेच पाप, असे म्हणता येत नाही. आणि न विकणे हेच पुण्य, असेही नाही. मग दोष नेमका कोठे बसतो? माझे उत्तर असे, की दोष तोंड फिरवण्यात बसतो. ज्याला वासरू म्हणून चाटताना पाहिले, त्याचे पुढे काय होणार हे कळू नये अशी व्यवस्था आपण जाणूनबुजून करतो, तेथे पाप शिरते.

हे मी पोथीत पाहून सांगत नाही. 2016 सालचा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले ते साल. मन्याडकाठी आमच्या गावी विहिरी कोरड्या ठाक, कडब्याच्या पेंढीला सोन्याचा भाव. माझ्या दावणीला एक गोऱ्हा होता, दीड वर्षाचा, तांबडा लाल, शिंगे नुकती फुटलेली. एके संध्याकाळी अंधार पडल्यावर एक अनोळखी माणूस टेंपो घेऊन आला. मी भाव विचारला. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, गोऱ्हा कशाला नेतोस हे विचारले नाही. हे सारे मला सुचले नाही असे नाही. उत्तर ऐकायचे नव्हते, म्हणून विचारले नाही. पैसे मोजून घेतले आणि घरात गेलो. त्याच आठवड्यात एका गावी ‘भूतदया’ ह्या विषयावर माझे कीर्तन झाले. लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण मला ठाऊक होते. म्हणून त्या ओसरीवर मला उत्तर देता आले नाही.

आता कायद्याचा भाग थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. 1995 साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला 2015 साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळू ह्यांनाही तेच संरक्षण आले. ह्या कायद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जनावर कत्तलीसाठी जाणार हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, ते विकणाऱ्यावरही गुन्हा आहे. नुसते ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून कायदासुद्धा सोडत नाही. मग अंतर्यामी बसलेला पांडुरंग कसा सोडील?

पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कायद्याने गोऱ्ह्याला जीवदान दिले, कडबा दिला नाही. 2024 च्या सप्टेंबरात सरकारने देशी गाईला राज्यमाता म्हटले आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपये देण्याचे ठरवले. पण अडचण तर त्याच्या आधी, शेतकऱ्याच्या दावणीला सुरू होते. आपल्या नांदेड-लातूर भागात ज्वारी हटली आणि सोयाबीन आले. हाती पैसा आला, पण कडबा गेला. ट्रॅक्टर आला, तसे औताच्या बैलाचे गिऱ्हाईक आटले. ज्या कंधारची लाल कंधारी आणि ज्या देवणीची वानेरा, शेवरा, बालंक्या ही रंगरूपे सांगून आपण छाती फुगवतो, त्या वंशाचा गोऱ्हा आज घरात ओझे होऊन बसला आहे. हे ओझे ज्याच्या अंगावर पडले, त्या अल्पभूधारकाला कीर्तनाच्या गादीवरून ‘पापी’ म्हणणे हे मला शोभत नाही, आणि रस्त्यात गाड्या अडवणाऱ्यालाही शोभत नाही. दुसऱ्याची गाडी अडवायला पुष्कळ धावतात. आपल्या गल्लीतल्या दावणीकडे दोन पेंढ्या घेऊन जाणारा मात्र विरळा.

म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांना मी तीन गोष्टी सांगितल्या, त्याच येथे मांडतो.

पहिली गोष्ट, केव्हा विकावे. दूध पिणारे वासरू विकू नये. आपली देशी गाय वासराने ढुसणी दिल्याशिवाय पान्हा सोडत नाही; वासरू गेले की ती हंबरून हंबरून दूध चोरते, हे कोणाही गुराख्याला ठाऊक आहे. पण दूध तुटले त्याच दिवशी बाजार दाखवणे हेही वाईट. आई तुटली, गोठा तुटला, वैरण बदलली, गाडीत उभे राहून प्रवास झाला, एवढे सगळे एकदम अंगावर आले की वासरू आजारी पडते. अमेरिकेसारख्या देशात वासरे मांसासाठीच पाळतात. तेथेही जाणते पशुपालक आईपासून तोडलेले वासरू सुमारे 45 दिवस घरीच ठेवून, चाऱ्या-पाण्याला लावून, लसी टोचून मग विकतात. आणि घेणाराही त्याला जास्त भाव देतो. जे त्याला मांस म्हणून मोजतात ते 45 दिवस थांबतात, आणि जे गाईला माता म्हणतात त्यांना आठ दिवसही धीर धरवत नाही! म्हणून बाबांना म्हणालो, की धाकटा ह्या यात्रेला नेऊ नका. तो आपणहून कडबा खाऊन निवांत रवंथ करू लागला, आईविना रात्र काढू लागला, घटसर्प-फऱ्याची आणि लाळ्या-खुरकुताची लस झाली, की मग विचार करा. आणि दुसरे, अगदी हाता-तोंडाशी येईपर्यंतही थांबू नका. कडबा संपल्यावर जो विकायला निघतो त्याच्या हातात भाव राहत नाही आणि गिऱ्हाईक निवडणेही राहत नाही. अडलेल्या माणसाचा धर्म आधी अडतो. 2016 साली माझे तेच झाले. फाल्गुनातच विचार केला असता, तर वैशाखात अंधाराची वाट पाहावी लागली नसती.

दुसरी गोष्ट, कोणाला विकावे. ज्याला गोऱ्ह्याचे काम आहे त्याला आधी विचारावे. गावात एक-एक बैल असलेले शेतकरी सावड करून पेरणी करतात. त्यांतल्या कोणाची जोडी अडली असेल, तर आपला गोऱ्हा तेथे शोभेल. चार हजार कमी येतील. पण ते चार हजार कशाची किंमत आहे, हे नीट समजून घ्या. हेडा जे जास्त देतो ते गोऱ्ह्याचे नव्हे. आपण प्रश्न विचारू नये ह्याचे देतो. सगळेच हेडे तसे, असेही मी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माळेगावच्या यात्रेत, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात इमानाने शेतकऱ्याचा बैल शेतकऱ्याच्याच दारी पोचवणारे हेडे मी पाहिले आहेत, आणि ते सर्व जातींचे, सर्व धर्मांचे होते. म्हणून हेड्याची जात विचारू नका, त्याची रीत विचारा. मागच्या साली नेलेला गोऱ्हा आज कोणाच्या शेतात आहे, हे तो सांगू शकतो का? सांगत असेल तर त्याच्याशी व्यवहार करा. नाव सांगायला कचरत असेल, तर त्याचा पैसा कितीही असो, घेऊ नका.

तिसरी गोष्ट, कसे विकावे. उजेडी विकावे. बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी चाल आहे. भाव झाकला तरी चालेल. पण जनावराची वाट झाकू नये. बाजार समितीची पावती करावी, कानातल्या 12 आकडी बिल्ल्याचा नंबर तीवर घालावा. 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई झाली, ते ह्या दृष्टीने बरेच झाले. गोऱ्ह्याची खोड असेल ती आधी सांगावी, नाहीतर ती कळल्यावर घेणारा त्याला मारील. पाणी पाजून, चारा घालून मग हाती द्यावा. गाडीत कोंबलेला दिसला तर इसार परत करून घरी आणावा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी सहज त्या गावी जाऊन बघून यावे. लेक दिल्यावर आपण जातो ना?

आमच्याकडे एक चाल आहे. जनावर विकले तरी दावे देत नाहीत. घेणाऱ्याने आपला कासरा आणावा. का, म्हणून विचारले तर म्हातारे म्हणतात, गोठ्याची बरकत जाऊ नये म्हणून. मला आता तिचा दुसरा अर्थ दिसतो. गोऱ्हा गेला, पण बांधलेपण आपल्या घरी राहिले. 2016 च्या त्या गोऱ्ह्याचे दावे माझ्या गोठ्यात खुंटीला आहे. ते मी दुसऱ्या वासराला घातले नाही.

एक गोष्ट मात्र एकट्या शेतकऱ्याला सांगून भागणार नाही. सप्ताहात आपण पंक्तीमागून पंक्ती उठवतो, काल्याला परातीच्या पराती लाह्या-दही वाटतो. ह्याच सप्ताहात प्रत्येक घराने पाच पेंढ्या कडबा आणून देवळामागे एक गंज रचली तर? ज्याचा चारा चैत्रात सरला, त्याने तेथून न्यावा आणि पुढच्या साली परत टाकावा. म्हणजे कोणालाही अंधाराची वाट पाहून गोऱ्हा काढावा लागणार नाही. गोपाळकाला म्हणजे सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करणे. पण ते सवंगडी रानात गेले होते ते गुरांच्या मागे, हे विसरू नये. त्या गावी काल्याच्या दिवशी मी हे बोललो. मंडळी ऐकून गप्प राहिली. मग एक म्हातारी उठून म्हणाली, “माझ्या धा पेंढ्या लिवा.” पुढे किती जमल्या ते पुढच्या वर्षी गेल्यावर कळेल.

आणि बाबांचे काय झाले? थोरला गोऱ्हा त्यांनी गावातल्याच त्या शेतकऱ्याला दोन हप्त्यांत दिला. पहिला हप्ता मिळाला. दुसरा सुगीला मिळेल असे म्हणतात, न मिळाला तर नुकसान त्यांचेच आहे, आणि ते मी भरून देऊ शकत नाही. धाकटा अजून दावणीला आहे. धर्म फुकट मिळत नाही; कधी त्याची किंमत चार हजार असते, आणि चार हजार म्हणजे काय हे ज्याच्या घरी होळीपर्यंत कडबा नाही त्यालाच ठाऊक. त्याची किंमत एकट्याला मोजावी लागू नये, एवढे आपण बाकीचे करू शकतो.

तुलाधाराचा तराजू सोन्याचा नव्हता, वाण्याच्या दुकानातला साधा तराजू होता. एका पारड्यात आपली अडचण ठेवावी, दुसऱ्यात त्या मुक्या जिवाची, आणि काटा स्थिर होईपर्यंत नजर हटवू नये. एवढे झाले तर विकणाऱ्याच्या गळ्यातील माळ त्याला जड होणार नाही. ती बुद्धी आपणां सर्वांस, आणि सर्वांआधी मला, मिळो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.